कुल्लूचा काळा डिंक

अर्धा घाट उतरून झाला होता. रामकलीच्या डोक्यावर लाडवांची टोपली, पुढे तिचा सासरा भुरा भिलावेकर. नणंद सकरू बाळंत झाली होती, तिच्यासाठी डिंक, मोहफुलं आणि गुळाचे लाडू चालले होते.

भुराचा जन्म कुल्लूच्या झाडांचा डिंक काढण्यात गेला. वीतभराहून मोठी खाच त्याने कधी पाडली नाही, आणि ती भरून आल्याखेरीज त्या झाडाला पुन्हा कुऱ्हाड लावली नाही. नाक इतकं तिखट, की हुंगल्याशिवाय गोळा पिशवीत टाकत नसे. पोरं चिडवत, "आजा, डिंक विकतोस की अत्तर?"

वळणावर खडकात त्याचा कुल्लू उभा होता. फाल्गुनात पान नसतंच त्याला. पांढऱ्या खोडाची साल कागदासारखी सुटते आणि फांद्यांच्या शेंड्यांना पिवळे-तांबूस तुरे येतात. यंदा तुरे जागच्या जागी करपले होते. खोडभर गिरमिटाची भोकं. त्यांतून काळा चिकटा ओघळत होता, त्यात अळ्या वळवळत होत्या. घाण सुटली होती.

भुराने नाकाला उपरणं लावलं. "शालिकरामनं केलं?"

रामकली नवऱ्याचं नाव ऐकून खाली बघू लागली. "व्यापाऱ्यानं पिचकारी दिली, मामाजी. औषध सोडलं की डिंक भरपूर येतो म्हणे."

"भरपूर," भुरा थुंकला. "झाड मरताना ओकतंय, आणि हा खाली भांडं लावून बसलाय." मग त्याची नजर टोपलीवर गेली. "ह्यात कुठला घातला?"

"ह्याच झाडाचा."

"आणि मुठवा देवापुढे?"

पहिला गोळा देवाच्या दगडावर ठेवल्याशिवाय त्यांच्याकडे डिंक घरात येत नाही.

"तोही ह्याचाच. त्यांनीच ठेवला."

भुराने एक लाडू फोडून हुंगला आणि वाटेच्या कडेला जाऊन ओकला. तोंड पुसून त्याने खड्डा उकरला, सगळे लाडू त्यात ओतले, वर धोंडे रचले. मग देवाच्या नावाने हात जोडले.

"बाळंतिणीच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं?" रामकली म्हणाली. "वानरांनी नेले म्हणून सांगू."

"सांग."

थोडं चालून तो थांबला.

"नको. खोटं सांगितलंस तर शालिकराम दुसरी टोपली धाडील. सकरू खाईल, आणि दुधातून पोराच्या पोटात जाईल. खरं ते तू सांग, सूनबाई. भावानं काय पाठवलं होतं, ते माझ्या तोंडून निघायचं नाही."