दहा हजार एक दूर्वा

सोमवारची गोष्ट. मी आणि माझे वडील, अण्णा, धारहून देवासला आत्याकडे आलो होतो... अण्णांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या पातीच्या, म्हणजे देवासच्या धाकट्या संस्थानाच्या, शाळाखात्यात द्यायचं होतं. टांगेवाल्या भियाला सांगूनही ठेवलं होतं.

मी शाळेत कधी गेले नाही. जे येतं ते अण्णांनी घरी शिकवलेलं. त्यांचे डोळे अधू झाल्यापासून पुस्तकाची सगळी प्रत मीच उतरवली, आकडेही मीच तपासले.

त्यात अण्णांचा एक लाडका भाग आहे. अकरा ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. एकशे एकही मूळ. एक हजार एकला सात, अकरा, तेरा यांनी भाग जातो. आणि दहा हजार एक पुन्हा मूळ... वीस वर्षं ते मुलांना हे सांगत आले.

दुपारी आत्या दूर्वा निवडत बसली होती. ती गणपतीला दहा हजार एक दूर्वांचा नवस बोलली आहे. म्हणाली, "वेणू, गणेशचतुर्थीला त्र्याहत्तर दिवस आहेत. रोज सारख्या वाहीन म्हणते. शेवटच्या दिवशी जास्तीच्या किती उरतील, तेवढं सांग. मला काही ते जमायचं नाही बाई."

"उरतील हे नक्की. या आकड्याला भागच जात नाही," मी म्हणाले आणि पाटी घेतली. रोज एकशे सदतीस. बाकी... शून्य.

पुसलं, पुन्हा केलं. मग उलटा गुणाकार करून पाहिला. तेच.

"तोंड का असं उतरलं? उरत नाहीत तर बरंच की," आत्या म्हणाली.

तिला काय सांगू... पुस्तकाच्या कच्च्या वहीत त्र्याहत्तरपुढे 'पाहिले' अशी खूण माझी होती. शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहायचं होतं, भाग जायचा असेल तर त्यातल्या एकाने तरी जातोच, त्यापुढे जायची गरज नसते. सदुसष्टपर्यंत मी खरंच भागलं. उरलेल्या सहांपुढे नुसत्या खुणा केल्या. अण्णा म्हणतात तर असणारच, असं वाटलं.

पाटी घेऊन अण्णांकडे गेले, खुणांचंही सांगून टाकलं. ते रागावतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी पाटी डोळ्यांजवळ धरली, सावकाश गुणाकार केला.

"तू सदुसष्टपर्यंत तरी गेलीस," शेवटी म्हणाले. "मला माझ्या गुरुजींनी सांगितलं होतं... मी एकदाही भागून पाहिलं नाही."

माझ्या खोट्या खुणांपेक्षा हे ऐकून मी जास्त हादरले. प्रत्येक बाकी दोनदा बघ, हे मला यांनीच शिकवलं होतं...

सकाळी आलेला टांगा परत पाठवला. पुस्तक अजून इथेच आहे. मी पहिल्या पानापासून एकेक भागाकार मोठ्याने करते, अण्णा शेजारी बसून ऐकतात.

आत्याचे आभार मानायला गेले तर म्हणाली, "मी काय केलं गं? त्यापेक्षा आजच्या एकशे सदतीस मोजून दे."

दोनदा मोजून दिल्या.