शाकाहारी झिप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मनोरीच्या कोळीवाड्यासमोर आमच्या अ‍ॅपने मासळीऐवजी दुधी दाखवला, तो माझ्यामुळे.

आमचं ऑफिस अंधेरीला, अ‍ॅप घरपोच भाजी आणि मासळीचं. मासळीचा सगळा विभाग माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचा. तो मनोरीचा, त्याची आई अजून मासे विकते. प्रत्येक फोटो त्याने तिच्याच पाटीतला काढलेला, आणि फोल्डरचं नाव ठेवलेलं ‘म्हावरा’.

घाटकोपरचे एक शेठ धंद्यात पैसे घालणार होते. त्यांच्या भाच्याने सर्व्हरवरून कोडची झिप, म्हणजे फोटोंसकट सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं, मागितली. शेठच्या घरात कांदासुद्धा जात नाही, हे मला माहीत होतं. मासे दिसले तर पैसे हातचे जातील, म्हणून मी घाबरलो. कोड आणि त्यातले बदल आम्ही गिट नावाच्या प्रणालीत ठेवतो, तिच्यात एक नियमांची फाइल असते. त्या फाइलीत फोल्डरचं नाव लिहून पुढे ‘export-ignore’ टाकलं, की फोल्डर जागेवर राहतो, पण झिपमध्ये येत नाही. ही फाइल कोडसोबत असली तर सगळ्यांना दिसते. मित्राला दिसली असती, वाईट वाटलं असतं. म्हणून मी ती ओळ सर्व्हरच्या पोटात, जिथे बदलांची नोंदच राहत नाही, तिथे लिहिली. भाचा खूश झाला. मी ओळ विसरलो.

मग मनोरीत उद्घाटन. मित्राने सर्व्हरवरून झिप घेतली, घाईत न तपासता टॅबवर चढवली. ठेवणीतली लुगडी नेसून, सोनं घालून बायका जमल्या. टॅबवर दुधी, पडवळ, कोथिंबीर.

“अगो बाय,” त्याची आई म्हणाली, “आमच्या मनोरीला येऊन आम्हालाच दुधी इकता?”

मागून कुणीतरी ओरडलं, “आईने सुरमईवर वाढवला, पोरगा पडवळ निघाला!”

मित्राने मला अंधेरीला फोन लावला. “सर्व्हरवर म्हावरा आहे ना रे?”

“आहे.”

“मग झिपमध्ये का नाही? माझ्याकडची नियमांची फाइल कोरी केली, परत झिप मागवली, तरी दुधीच! सर्व्हरला श्रावण लागला काय?”

मला तेव्हा आठवलं. झिप सर्व्हर बांधतो, तो स्वतःचेच नियम पाळणार. मनोरीत बसून याने काहीही पुसलं तरी व्यर्थ. मी गुपचूप ती ओळ काढली आणि म्हणालो, “आता घेऊन बघ.” पापलेटापासून बोंबलापर्यंत सगळं आलं. तोवर बायका उठून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः झिप काढून पाहिली. “यात तर खेकडेसुद्धा आहेत. मग तू तिकडे काय घेऊन गेलास? भाजी मंडई?”

मित्राकडे पुरावा नव्हता. तो मी पुसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू सांग ना यार, फोनवर होतास.” मी म्हणालो, “नेटवर्कचं काहीतरी असेल.”

महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. आता तो विक्रोळीला कामाला आहे. गावात त्याला अजून ‘दुधी’ म्हणतात, लग्नाच्या मांडवातही. नारळी पौर्णिमा झाली की तो मला आईच्या हातची कोलंबी आणून देतो. म्हणतो, “त्या दिवशी तूच एकटा मदतीला होतास.” आणि मी डबा धुऊन परत करतो.

मनोरीला जाऊन, त्याच्या आईसमोर आणि त्याच बायकांसमोर, ती ओळ माझी होती हे मला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.