न वाचलेल्या अकरा फायली

कंपनीने मोडीत काढलेला लॅपटॉप मी पत्नीला आणून दिला, तेव्हा मोठे औदार्य केल्यासारखे मला वाटले होते. भाईंदरला खारी गावालगतच्या आमच्या दोन खोल्यांत ती दुपारभर बसून त्यावर मराठी टाइप करायला शिकली. लिहून झाले की म्हणायची, "एकदा वाचून बघा ना." मी म्हणायचो, "राहू दे, रविवारी वाचतो." चार वर्षांत तो रविवार काही आला नाही. मग तीच गेली.

त्यानंतरचे रविवार फार लांबले. तिचा लॅपटॉप सुरू व्हायलाच पंधरा मिनिटे घ्यायचा आणि मध्येच थिजायचा. हा बंद पडला तर तिचे लिखाणही जाईल, या धास्तीने मी ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून लिनक्सची, म्हणजे जुन्या यंत्रावरही हलकी चालणाऱ्या संगणक प्रणालीची, सीडी आणली. तिच्या अकरा फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, दोनदा तपासल्या आणि जुनी प्रणाली पुसून टाकायला होकार दिला. तासाभरात पडदा उजळला. यंत्र चांगलेच तरतरीत झाले होते. तिला हाक मारून दाखवावेसे वाटले.

पहिली फाइल उघडली. मराठीचे एक अक्षरही नव्हते. इंग्रजी अक्षरे, टोप्या घातलेले स्वर, तुटकी चिन्हे. पुढच्या दहाही तशाच. ज्या फॉन्टमध्ये ती लिहायची तो जुन्या प्रणालीत होता, आणि तो मीच पुसला होता. मला ठाऊक नव्हते, असे म्हणून सुटता येत नाही. तिने खटपट करून तो फॉन्ट मिळवला, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतो.

फाइलमध्ये फॉन्टचे नाव तेवढे दिसत होते. ते कागदावर उतरवून, पेन ड्राइव्ह खिशात घालून, मी स्टेशनजवळच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या बाई कागद पाहून हसल्या. "काका, अर्ध्या भाईंदरची लग्नं याच फॉन्टमध्ये लावतेय मी. द्या इकडे." त्यांनी फाइल उघडली आणि प्रूफ तपासायच्या सवयीने मोठ्याने वाचू लागल्या, "आज एकटीच बसने उत्तनला जाऊन आले. वाळत घातलेले बोंबील बघत बसले. ह्यांना सांगायचं होतं, पण..."

त्या थांबल्या. पडदा माझ्याकडे वळवला. "सॉरी हं काका. प्रिंट काढून देऊ? घरी निवांत वाचा."

"नको," मी म्हणालो. "आत्ताच वाचतो."