मागच्या दारानं

“हिला मागच्या दारानं नेत जा. आणि डोकं झाकून.”

काकू हे मला म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्या पोरीच्या डोक्याकडं. चिमी चार वर्षांची. डोक्यावर एक केस उरला नव्हता. पुढच्या ओट्यावर बसून नागलीचा पापड खात होती. काकूंनी हातातलं फडकं तिच्या डोक्यावर टाकलं, उघड्या भांड्यावर झाकण टाकावं तसं. चिमीला वाटलं खेळ हाय. ती फडक्याखाली हसली. मला मात्र कुणी तोंडावर थुंकल्यासारखं झालं. आणि मी काय केलं? “हां काकू,” म्हणाले आणि पोर उचलून मागं नेली.

कारण खोली त्यांची होती.

आम्ही पेठकडचे, डोंगरातले. चिमीचा ताप उतरेना, अंगावर निळे डाग उठले, तेव्हा पेठच्या दवाखान्यानं नाशिकला धाडलं. इथं डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्ताचा कॅन्सर हाय. बरा होऊ शकतो, पण औषध लय दिवस चालणार, जवळच राहा. नवरा दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत, त्याला काम सोडून येता येत नव्हतं. मी एकटी पोरीला घेऊन दारोदार फिरले. कॅन्सर म्हटलं की लोक खोली भरलीये म्हणायचे. शेवटी पंचवटीत काकूंनी घरामागची सरपणाची खोली दिली. त्यांचे मालक गुरुजी. बाहेरगावचे लोक आपल्या गेलेल्या माणसाचे विधी करायला त्यांच्याकडं येतात. पुढच्या हॉलमध्ये विधी, मग जेवणं. त्या जेवणाची भांडी मी घासायची, असं ठरलं.

माझे हात त्यांना चालत होते. माझ्या पोरीचं डोकं चालत नव्हतं.

आता गंमत बघा. त्याच ओट्यावर रोज मुंडण केलेले बाप्ये बसायचे. चकचकीत डोकी, उन्हात नुसती चमकायची. त्यांना चहा मिळायचा. चिमी मला विचारायची, “आई, यांना बी सलाईन लावत्यात?”

“नाय गं.”

“मग केस कुठं गेले?”

काय सांगू? बाप मेला की केस देतात, हे सांगू? मरण हा शब्द मी त्या खोलीत तोंडातून काढत नव्हते.

काकूंचं म्हणणं होतं, “येणारे लोक आधीच दुःखात असतात. दारात अशी पोरगी दिसली की दचकतात. विचारतात, हिचं कोण गेलं? आणि तुम्हा लोकांना स्वच्छतेचं काही नसतंच.”

तुम्हा लोकांना. ज्या ताटांत तुमचे पाहुणे जेवतात, ती घासते कोण? पण हे मी मनातच म्हणाले.

मागचं दार बोळात उघडायचं. बोळात उघडं गटार. आणि डॉक्टरबाईंनी तर बजावलं होतं, औषधानं हिची ताकद पार गेलीये, घाणीपासून लांब ठेव. ताप आला तर गोळी देऊन वाट बघू नको, तशीच उचलून आण, उशीर केलास तर पोर हातची जाईल. मी तिलाच रोज गटारावरून न्यायची, तिचं तोंड पदरात दाबून. आमच्या पाड्यावरच्या घराला एकच दार हाय. नवरी त्याच दारानं येते, पाहुणाही त्याच दारानं, आणि मढं निघतं तेही त्याच दारानं. मागच्या दाराची माणसं वेगळी असतात, हे मला इथं येऊन कळलं.

आणि भीती. सकाळी डोळा उघडला की आधी तिच्या कपाळाला हात. भांडी घासता घासता हात पुसून बघून यायची, श्वास चाललाय ना. बोळात कुणी शिंकलं तरी मी दार लावून घ्यायची.

त्या दुपारी गटार उपसायला माणसं आली होती. सगळा काळा गाळ बोळात काढून ठेवला, आमच्या दारापर्यंत. चिमी झोपेतून उठली ती कुडकुडतच.

“आई, थंडी.”

कपाळाला हात लावला. तवाच. दवाखान्यानं दिलेलं थर्मामीटर लावलं, आकडा बघितला. सवयीनं डोक्यावर फडकं टाकून तिला उचललं आणि मागचं दार उघडलं. गाळ. पोरीला घेऊन त्यात घसरले असते तर? दार लावलं आणि पुढच्या हॉलकडं जायच्या मधल्या दाराशी आले. काकू आडव्या उभ्या राहिल्या.

“आत्ता नाही. पिंडं मांडलीत. अर्धा तास थांब.”

“काकू, पोर तापलीये.”

“मग तापाची गोळी दे ना तोवर. गेलेल्या माणसाचं काम चाललंय, त्यात हे टकलं पोर घेऊन कुठे निघालीस?”

माझे पाय थांबले. सवयच तशी. आश्रमशाळेत तपासणीला साहेब आले की आम्हाला मागं बसवायचे, आम्ही बसायचो. बाजारात म्हणायचे बाजूला हो, आम्ही व्हायचो. थांब म्हटलं की थांबायचं, हे हाडात मुरलेलं. पण चिमीचे दात वाजत होते, अगदी माझ्या कानाशी. तो आवाज मला सोडेना. गेलेल्या माणसासाठी माझ्या जित्या पोरीनं थांबायचं?

“सरका,” मी म्हणाले.

मोठ्या घरच्या बाईला असं मी जन्मात म्हणाले नव्हते. त्या सरकल्या नाहीत. मग मी खांद्यानं वाट केली. चिमीच्या डोक्यावरचं फडकं ओढून तिथंच टाकलं. बघू देत सगळ्यांना.

हॉलमध्ये शिरले. गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. पाटावर मुंडण केलेला एक तरुण माणूस बसला होता. चिमीनं मान उचलली आणि त्याला बारीक आवाजात विचारलं, “तुला बी सुई टोचली?”

त्यानं पाय आखडून मला जागा दिली. मागून काकूंचा आवाज आला, “आजच्या आज खोली रिकामी कर.” मी ओट्यावरून उतरले आणि रस्त्यात रिक्षापुढं आडवी उभी राहिले.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. मग डॉक्टरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, बरं झालं लगेच आणलीस, थोडा वेळ गेला असता तर... मी भिंतीला टेकून खाली बसले. तो अर्धा तास मी थांबले असते, हे डोक्यातून जाईना. अजून जात नाय.

आता ताप उतरलाय. औषध लय बाकी हाय. चिमी जगेल का, मला ठाऊक नाय. भीती तितकीच हाय, रोज हाय. पण ती आजाराची. माणसांची नाय.

उद्या तिला घरी सोडणार. घर कुठलं, सामान अजून काकूंच्या खोलीत हाय. दुसरी खोली मी शोधीन. शोधताना आधी विचारीन, पोर पुढच्या दारानं जाईल का. नाय म्हणाले तर तिथून निघीन.

पण उद्या मी रिक्षा काकूंच्या पुढच्या दाराशीच थांबवणार. आत विधी चालू असला तर असू दे. चिमीला उघड्या डोक्यानं ओट्यावर बसवीन, हातात नागलीचा पापड देईन. तिचा खाऊन होईल, मग सामान उचलीन.