उजव्या गालावरची तीट

गेल्या रविवारी नारायणगुड्याला आमच्या घरी नातीचे बारसे झाले. त्या दिवशीची एक गोष्ट अजून मनातून जात नाही... वरकरणी ती अगदीच क्षुल्लक आहे.

वर्षभरापूर्वी माझ्या उजव्या गालावर, डोळ्याच्या थोडे खाली, एक तपकिरी ठिपका उमटला. हळूहळू तो काळा पडला आणि मसुराच्या दाण्याएवढा होऊन थांबला.

कोठी भागातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तो भिंगातून नीट तपासला आणि म्हणाले, "काही नाही, वयानुसार येतो. काढला तरी चालेल, ठेवला तरी चालेल." काळजी मिटली, संकोच मात्र मिटला नाही. उलट, आजार नाही म्हटल्यावर त्याविषयी कोणाजवळ बोलण्याचे कारणही उरले नाही.

आमचे नेहमीचे न्हावी खाजाभाई एकदा दाढी करताना म्हणाले, "साब, इसकू निकाल देव ना... चेहरा अच्छा है, खाली ये खराब दिखरा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तरीही त्यानंतर मी ऑफिसातली खुर्ची अशी फिरवून घेतली की उजवा गाल भिंतीकडे राहावा. सहकाऱ्यांना सांगितले, खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो.

घरात फोटोची वेळ आली की मोबाईल मीच हातात घेऊ लागलो. फोटो काढणारा फोटोत नसतो... आणि कोणी कारणही विचारत नाही.

परिणाम असा झाला, की नात जन्मापासून आमच्याच घरी असूनही तिच्यासोबत माझा एकही फोटो नव्हता. मुलगी मृणाल म्हणायची, "बाबा, एक तरी काढू या ना." मी म्हणायचो, हा डाग काढून येतो, मग काढू.

ते जमवायचेही ठरवले होते. परंतु डाग जाळल्यावर काही दिवस खपली राहते, असे डॉक्टरांनी बजावले. भरल्या घरात खपली घेऊन वावरणे नको, म्हणून बारशानंतरच्या सोमवारची वेळ घेतली. आणि मृणालच्या सासरची मंडळी बारसे आटोपून त्याच संध्याकाळी बाळ-बाळंतिणीला नांदेडला घेऊन जाणार होती!

ही विसंगती माझ्या लक्षात आली नव्हती असे नाही. आदल्या दिवशी पत्नीने ती स्पष्ट शब्दांत मांडली. "अहो, पोर उद्या निघाली. तुमच्या गालासाठी थांबणार आहे का ती?"

रविवारी सकाळीच पाहुणे आले. जावयांच्या थोरल्या आत्या, सुभद्राबाई, आल्या आल्या काजळाची डबी उघडून बसल्या. बाळाला तीट लावण्याचा मान त्यांचा... दृष्ट लागू नये म्हणून गालावर एक ठसठशीत काळा ठिपका त्यांनी लावला.

पाळणा सजवून होईपर्यंत बाळ माझ्याकडे होते. ते कुरकुरू लागले, म्हणून मी खांद्याशी धरून माझा गाल त्याच्या गालाला टेकवला. त्यात बाळाची तीट बरीचशी पुसली गेली, हे मला कळले नाही.

सुभद्राबाईंना मात्र कळले. त्यांनी बाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "अगं बया! हिची तीट सगळी इवायांच्या गालाला लागली की! थांबा, हलू नका." त्यांच्याकडे व्याह्यांना इवाई म्हणतात. मी काही बोलण्याआधीच पदराचे टोक जिभेला लावून ओले करून त्यांनी माझा गाल पुसायला सुरुवात केली.

पाळणा म्हणायला जमलेल्या बायका थांबल्या. ज्या ठिकाणी कोणाची नजर जाऊ नये म्हणून मी वर्षभर एवढी व्यवस्था केली होती, नेमके तिथेच सगळे घर पाहत होते.

"निघंना की हो! कसलं काजळ म्हणावं हे?" त्यांनी आणखी जोर लावला.

"आत्याबाई," मी शेवटी म्हणालो, "ती बाळाची नाही. ती... माझीच आहे."

सुभद्राबाईंनी चष्मा सावरला, अगदी जवळून पाहिले, अंगठ्याने ठिपका चाचपला. "दुखत नाही नं?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या! हिला रोज लावावी लागती, तुमची आपली पक्की हाय. कोणाची दृष्ट लागायची नाही तुम्हाला."

सगळे घर हसले. सर्वांत मोठ्याने पत्नी हसली... आणि नंतर माझ्या लक्षात आले, की मीही हसत होतो.

त्यानंतर काय झाले? काहीच नाही. कोणीतरी घुगऱ्यांत मीठ कमी आहे म्हणाले, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला, बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितले... अन्वी. माझ्या गालाकडे पुन्हा कोणी पाहिलेसुद्धा नाही. ज्याची मी वर्षभर धास्ती घेतली, त्यासाठी लोकांपाशी एवढाच वेळ होता.

सुभद्राबाईंनी अन्वीला नव्याने तीट लावून तिला माझ्या हातात दिले. मृणालने मोबाईल वर धरला. सवयीने माझी मान उजवीकडे वळली होती... ती मी सरळ केली.

सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन करून येत नसल्याचे कळवले. न कळवता वेळ चुकवणे योग्य नव्हे. पुढची वेळ मागितली नाही. कधी काढावासा वाटला तर काढीनही, पण लपवण्यासाठी नाही.

तो फोटो आता समोर आहे. त्यात दोन गाल आहेत, एक सुरकुतलेला, एक दुधाळ, आणि दोन्हींवर एकेक काळा ठिपका. अन्वी मोठी झाल्यावर विचारील, "आजोबा, तुम्हालाही तीट लावली होती?"

'हो' म्हणून सांगणार आहे. नांदेडच्या आत्याबाईंनी.