सीरियस आहे, निघून या

कोपरीत पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर दर्शनाच्या दोन खोल्या आहेत. खाली दळण सुरू झालं की वरची फरशी थरथरते, आणि समोर बसलेल्या माणसाला वाटतं, आपणच थरथरतोय. पाटीवर 'समुपदेशन' लिहिलंय, पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसत नाही. लोक म्हणतात, मनाच्या बाईकडं जायचंय. औषध ती देत नाही, सल्लाही सहसा देत नाही. तिचं मागणं एकच: जे झालं ते त्याच्या नावानं बोला. मेलेल्याला मेला म्हणा. सोडून गेलेल्याला सोडून गेला म्हणा. माणसं सगळ्यात जास्त घाबरतात ती यालाच.

पुस्तकात हे ती फार नंतर शिकली. आधी शिकली मोहने गावातल्या चाळीत. वडील वारले तेव्हा ती दुसरीत होती. आई, विमलाबाई, म्हणाली, "बाबा लांब ड्युटीवर गेलेत." पोर रोज संध्याकाळी दारात बसू लागली. मग एकदा नळावर भांडण झालं आणि बरोबरीची एक मुलगी ओरडली, "तुझा बाप मेलाय, तुला माहीत पण नाय!" दर्शना आजही म्हणते, अख्ख्या चाळीत माझ्याशी खरं बोललेली ती एकटी. विमलाबाईंना ते अजून लागतं. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं," त्या म्हणतात. "माहितेय, आई," एवढंच दर्शना म्हणते.

शिवराम अशाच एका भल्याचा मार खाऊन तिच्याकडं आला. खोपटच्या डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, उंच, एका खांद्यानं झुकलेला माणूस. सून रचना त्याला घेऊन आली. बायको भीमाबाई गेल्यापासून तो मुलाशी, सुमितशी, एक शब्द बोलला नव्हता. सुमित घरात आला की हा ताटावरून उठायचा.

"बाई, आयुष्यभर मी उभ्यानं लोकांचं ऐकलं," तो म्हणाला. "सुट्टे नाहीत, खिडकी देत नाहीत. बसून ऐकायचा तुमचा धंदा बरा."

"मग बसा निवांत. ही गाडी सुटायची नाही," दर्शना म्हणाली.

तो जरासा हसला. मग कितीतरी खेपा नुसता बसून गेला. बोलला ते असं.

वैशाखात भीमाबाई मंडणगडाकडं गावी पुतणीच्या लग्नाला गेली. सोबत सुमित. शिवरामच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तो मागं राहिला. लग्न उरकलं आणि एका पहाटे ती झोपेतच गेली. सुमितनं बापाला फोन लावला आणि आपल्याकडं सांगतात तसंच सांगितलं: आई सीरियस आहे, निघून या.

आपल्या माणसांची ही जुनी रीत. मरण आपण फोनवर सांगत नाही. वाटेत माणूस कोसळू नये म्हणून आशेचं एक टोक त्याच्या हातात देतो. ऐकणारा बहुतेकदा ओळखतो आणि न ओळखल्यासारखं करून निघतो. शिवरामनं ओळखलं नाही. सीरियस म्हणजे जिवंत, एवढंच त्याला कळलं. तिच्या प्रेशरच्या गोळ्या गावात मिळायच्या नाहीत, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडेपर्यंत तो पायरीवर बसला. गोळ्या घेतल्या, मोसंबी घेतली, मग खोपटहून गाडी धरली. तिकडं उन्हाचा कहर, बर्फाची सोय नाही. जाणती माणसं म्हणाली, दिवस बुडायच्या आत उरका. शिवराम पोचला तेव्हा राखेतून धूर निघत होता. तिचं शेवटचं तोंड त्याला दिसलं नाही.

"मेली म्हणाला असता," त्यानं विचारलं, "तर मी गोळ्यांसाठी पायरीवर बसलो असतो का, बाई?"

 

पुढच्या आठवड्यात सुमित एकटा आला. डोळ्यांखाली काळं, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

"मॅडम, बाबांना तेवढं सांगा ना, आईनं शेवटी त्यांचं नाव घेतलं. तुमचं ऐकतील ते."

"घेतलं होतं का?"

"नाही. झोपेत गेली ना."

"मग एका खोट्यावर आणखी एक कशाला?"

तो रडला. त्याचं रडणं ओसरल्यावर तिनं आपली रीत समजावली. बापालाही ती वेगळं बसवून समजावली, होकार घेतला. ठरल्या दिवशी शिवराम बाहेरच्या खोलीत बसला, सुमित आतल्या. मध्ये दार लावलेलं.

"लाव फोन," दर्शना म्हणाली. "त्या सकाळी सांगायचं होतं ते आता सांग."

बाहेर घंटी वाजली. वाजतच राहिली. मग शिवरामनं फोन उचलला.

"बाबा," सुमित म्हणाला, "आई गेली. पहाटे. झोपेतच."

गिरणी चालू होती. फरशी थरथरत होती.

"मी निघतो," शिवराम म्हणाला. "मी येईपर्यंत थांबा. हलवू नका तिला."

सुमितनं दर्शनाकडं पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सुचवलं नाही.

"नाही थांबलो, बाबा. तुमच्यासाठी थांबायला पाहिजे होतं. मी लोकांपुढं बोललो नाही."

दाराच्या पलीकडून खोकल्याचा आवाज आला. फोन चालूच होता.

"आंघोळ कुणी घातली?"

"आत्यानं."

"नेसवलं काय?"

"पांढरं पातळ. आपल्या रीतीचं."

"आणि तोंड? तोंड कसं होतं रे तिचं?"

सुमितनं डोळे मिटले. "झोपल्यासारखं. गालावर उशीची घडी उमटलेली."

"डाव्या?"

"हो. डाव्या."

"डाव्या कुशीवरच झोपायची ती," शिवराम म्हणाला.

बराच वेळ फोन कुणी ठेवला नाही. मधलं दार बाप उठून जाईपर्यंत उघडलं नाही. बाप आधी जिना उतरला, लेक मागून. दर्शना खिडकीत उभी होती. दोघं स्टेशनच्या गर्दीकडं निघाले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.