डोब्रिनाची एसडीबी

एकदा विश्वास टाकला की डोब्रिना पुन्हा तपासायला जात नसे. तिथंच फसली बिचारी! स्मोल्यान गावच्या वाचनगृहात तिनं आयुष्यभर संगणक सांभाळले, पण जीव अडकला होता एकाच डिस्कमध्ये. तिच्यावर डोंगरातल्या म्हाताऱ्यांची गाणी होती, आणि त्यांत तिच्या गेलेल्या आईचा आवाज.

लिनक्स या संगणकप्रणालीतली डिस्कची नावं तिला तोंडपाठ. पहिली डिस्क एसडीए, दुसरी एसडीबी, आणि दुसरीतला पहिला भाग एसडीबी-एक. मात्र हे नाव डिस्कवर कोरलेलं नसतं. मशीन सुरू होताना जी आधी सापडेल तिला ए. इथं गाणी ए वर, वाचनगृहातल्या जुन्या कार्यक्रमांची चित्रणं बी वर. दर मार्चला बी पुसायची. गाण्यांची दुसरी प्रत कपाटातल्या डिस्कवर ठेवायची जबाबदारी झिव्कोची, तिच्या कामातल्या जुन्या जोडीदाराची.

एक मार्चला सकाळीच झिव्कोनं रिवाजाप्रमाणे तिच्या मनगटाला मार्तेनित्सा बांधली, आयुष्य वाढावं म्हणून लाल-पांढरा दोरा. "शंभर वर्षं जगा, ताई!"

"मशीन उघडलं होतंस का रे?" तिनं सवयीनं विचारलं.

"छे! शपथ, हातसुद्धा नाही लावला."

तिनं एसडीबी-एक पुसली. मग गाणी उघडायला गेली, तर ए वर सगळ्या फुटबॉलच्या मॅचेस! "झिव्को, कपाटातली डिस्क आण. प्रत आहे ना आपल्याकडे!"

झिव्को जागचा हलेना. कपाट तिनंच उघडलं, तर रिकामं. मग तिनं मशीनचं झाकण काढलं. आत दोनाच्या जागी तीन डिस्क. पहिल्या जागेवर कपाटातलीच. गाणी पुसून मॅचेस भरलेली. आधी सापडल्यानं ती ए झाली, गाणी बी वर सरकली, आणि डोब्रिनानं आपल्या हातानं आईला पुसलं.

"रविवारी मॅच बघायला लावली होती... काढायची राहिली," तो पुटपुटला. "इतकी वर्षं कुणी प्रत मागितली नाही, ताई."

"मागितली नाही, कारण प्रत आहे, असं तू म्हणाला होतास! अरे, मशीननं नाव बदललं तर मी मशीनला बोल लावत नाही. ते कधी शपथ घेत नाही. तू घेतलीस."

वसंतातला पहिला करकोचा दिसेपर्यंत मार्तेनित्सा सोडत नाहीत. तिनं दातांनी गाठ तोडली आणि दोरा त्याच्यापुढं टेबलावर ठेवला.

"ताई, अजून करकोचा—"

"ताई म्हणू नकोस," ती म्हणाली.